कोळसा शोधता शोधता सापडलेला खंड

ईस्ट इंडिया कंपनीला कोळसा हवा होता. गंगेतून आगबोटी चालू लागल्या होत्या आणि त्यांच्यासाठी विलायतेहून जहाजाने कोळसा आणणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असा व्यवहार होता. बंगालमध्ये राणीगंजजवळ, दामोदर नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे १७७४ पासून माहीत होते. समनर आणि हीटली या कंपनीच्या दोन नोकरांनी तो काढूनही पाहिला होता, पण धंदा काही जमला नाही. पुढे १८३६ मध्ये राणीगंजची खाण द्वारकानाथ टागोरांच्या कंपनीकडे आली आणि कोळशाला बरकत आली. मग आगगाडी येणार अशी चिन्हे दिसू लागली आणि मागणी आणखी वाढली.

अडचण एकच होती. नाल्याच्या काठात कोळशाचा काळा पट्टा दिसायचा, शे-दोनशे हात जायचा आणि नाहीसा व्हायचा. तो जमिनीत खोल गेला, की तिथेच संपला? पलीकडच्या टेकडीतला पट्टा हाच की दुसरा? खाणवाल्यांकडे याचे उत्तर नव्हते. ते द्यायचे तर कोळशाच्या खाली कोणता खडक आहे, वर कोणता आहे आणि तो क्रम किती मैल टिकतो, हे कोणीतरी पायी फिरून नकाशावर मांडायला हवे होते. कंपनीने त्यासाठी डी. एच. विल्यम्स यांना नेमले. दोन-अडीच वर्षे जंगलात काढून १८४८ मध्ये ते तापाने गेले. मार्च १८५१ मध्ये आयरिश भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला उतरले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले.

सरकारची अपेक्षा साधी होती: कोळसा कुठे आहे ते सांगा. या मंडळींनी ते सांगितलेच. पण कोळसा ज्या थरांत दडला होता ते थर त्यांनी इतक्या बारकाईने वाचले, की त्यातून एक मोडलेला महाखंड, उष्ण कटिबंधातले बर्फ आणि उलट्या दिशेने वाहणाऱ्या नद्या निघाल्या. या गोष्टीचा बराच मोठा भाग विदर्भात घडला आहे.

नागपूरचे पाद्री

ओल्डहॅम यायच्या आधीच नागपुरात खडक फोडण्याचे काम सुरू झाले होते, आणि तेही कोणी सरकारी माणूस करत नव्हता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप शाळा चालवत, प्रवचने देत, गावोगाव हिंडत, आणि हिंडताना त्यांची नजर पायाखालच्या दगडाकडे असे. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनाही तोच नाद होता.

शहराजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेली एक पातळ पट्टी त्यांना सापडली. तिच्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, वनस्पतींचे अवशेष होते. म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत तिथे तळी साचली होती, जीव नांदले होते. कन्हान नदीच्या अंगाला, कामठीजवळ सिलेवाड्याच्या दगडखाणींत वेगळाच ऐवज होता. इमारतींसाठी काढल्या जाणाऱ्या तिथल्या वालुकाश्मात जिभेच्या आकाराची पाने उमटली होती. पानाच्या मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही अंगांना शिरांची बारीक जाळी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदोल्फ ब्रॉन्यार यांनी १८२८ मध्ये अशा पानांना ग्लॉसॉप्टेरिस असे नाव दिले होते. ही पाने बंगालच्या कोळशाच्या खडकांत सापडत होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या कोळशातही.

नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावातून त्यांना एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी तपासून ती एका प्राचीन उभयचराची असल्याचे १८५५ मध्ये जाहीर केले आणि त्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. त्याच वर्षी नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा हिस्लॉप आणि हंटर यांचा मोठा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. नागपूरचे पानांचे वालुकाश्म आणि बंगालचे कोळशाचे खडक एकाच कुळातले आहेत, असे त्यात म्हटले होते. दोन्हींच्या मध्ये कित्येकशे मैलांचे अंतर होते. वय ठरवताना हिस्लॉप चुकले, पण नाते त्यांनी बरोबर ओळखले होते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप वाहून गेले. गोंडांची गाणी आणि चालीरीती यांची त्यांनी जमवलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. गोंडांची गाणी टिपणारा आणि पुढे गोंडवन म्हणून ओळखल्या गेलेल्या खडकांतली पाने गोळा करणारा माणूस एकच होता, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

थर वाचायचे कसे

हे लोक दगडात नेमके काय पाहत होते? मूळ नियम जुना आहे. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये तो मांडला: थर एकावर एक साचतात, तेव्हा उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. पण नदीचे खडक वाचायला एवढ्याने भागत नाही, कारण नदी एका जागी राहत नाही.

उन्हाळ्यात कन्हानच्या किंवा वर्धेच्या पात्रात रेती काढलेल्या खड्ड्याची उभी बाजू पाहावी. तळाशी गोटे असतात. त्यांवर जाडी रेती, मग बारीक रेती आणि सगळ्यांत वर पुराने आणून सोडलेला चिकट गाळ. पाण्याचा जोर होता तेव्हा गोटे बसले, जोर ओसरला तशी रेती बसली, पाणी थांबले तेव्हा गाळ बसला. काही वर्षांनी नदी कूस बदलते आणि गाळावर पुन्हा गोट्यांपासून सुरुवात होते. जाड, बारीक, गाळ. पुन्हा जाड, बारीक, गाळ. खडकात असा आवर्तनांचा क्रम दिसला, की ते नदीचे काम असल्याची शंका घ्यायला जागा होते. गाळाच्या थरावर उन्हाने पडलेल्या भेगांचे ठसे दिसले, तर तो थर कधीतरी उघडा पडून वाळला होता हेही कळते.

त्याच खड्ड्यात आणखी एक गोष्ट दिसते. रेतीचे मुख्य थर आडवे असतात, पण प्रत्येक थराच्या पोटात बारीक तिरप्या रेघा असतात. प्रवाह रेतीचे उंचवटे करतो. कण उंचवट्याच्या चढावरून गडगडत वर जातात आणि पलीकडच्या उतारावर घसरून पडतात. म्हणून या तिरप्या रेघा ज्या बाजूला उतरतात, ती त्या वेळच्या प्रवाहाची दिशा. रेतीचा दगड झाला तरी रेघा राहतात. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन शेकडो ठिकाणी त्यांची दिशा मोजली, नंतरच्या हालचालींनी थर कलले असतील तर तेवढी वजावट केली, की कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेली नदी कुठून कुठे जात होती ते कागदावर उतरते.

कोळसा या चित्रात पात्रापासून बाजूला येतो. नदीच्या आसपासच्या सखल, दलदलीच्या जागी झाडे पडत राहतात, पाण्याखाली कुजण्याआधी गाडली जातात आणि वरच्या थरांच्या भाराने, उष्णतेने त्यांचा कोळसा होतो. नदी फिरून त्या दलदलीवर आली, तर कोळशाचा थर तिथे तुटतो किंवा दुभंगतो. शे-दोनशे हातांवर नाहीसा होणाऱ्या काळ्या पट्ट्याचे रहस्य बरेचदा एवढेच असते.

तालचेरचे गोटे

१८५६ मध्ये ओल्डहॅम यांनी तिघा तरुणांना ओडिशातल्या तालचेरच्या कोळसा क्षेत्रावर पाठवले. विल्यम ब्लॅनफर्ड, त्यांचे धाकटे बंधू हेन्री ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड. ब्लॅनफर्ड बंधू आदल्याच वर्षी भारतात आले होते आणि दोघेही पंचविशीच्या आतले होते.

कोळशाच्या खडकांच्या तळाशी त्यांना एक विचित्र थर दिसला. हिरवट, अगदी बारीक गाळाचा खडक, आणि त्यात जागोजाग रुतलेले मोठाले गोटे. काही गोटे मुठीएवढे, काही कवेत न मावणारे. त्यातले कित्येक तिथल्या खडकांचे नव्हतेच, दुरून आलेले होते.

नदीचा साधा हिशेब इथे बसेना. एवढा धोंडा ढकलायचा तर पाण्याचा जोर भयंकर हवा, आणि एवढा जोर असेल तर बारीक गाळ तिथे क्षणभरही टिकणार नाही. उलट गाळ बसण्याइतके पाणी निवांत असेल, तर ते धोंडा हलवणार नाही. दोन्ही एकत्र कसे आले? ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले: बर्फ. थंड देशांत नद्यांच्या पाण्यात गोठणारे बर्फ तळाचे दगड उचलते, तरंगत नेते आणि वितळले की निवांत पाण्यात सोडून देते.

हे म्हणायला धाडस लागत होते. युरोपावर एके काळी बर्फाचे थर पसरले होते हा लुई आगासी यांचा सिद्धांत जेमतेम वीस वर्षांचा होता आणि तोच अनेकांच्या गळी उतरला नव्हता. इथे तर कर्कवृत्ताच्याही दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या ओडिशात बर्फ असल्याचे सांगायचे होते. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे सोपे होते. बर्फाने घासलेला दगड दाखवा, मग बोलू.

तो दगड दाखवला चंद्रपूर जिल्ह्याने. १८७२ मध्ये सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन पैनगंगेच्या खोऱ्यात काम करत होते. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला इरई गावाजवळ त्यांना तालचेरसारखाच गोट्यांचा थर मिळाला आणि त्याच्या खालचा जुना चुनखडक उघडा पडलेला दिसला. चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर एकमेकींना समांतर, लांबच लांब ओरखडे होते. वरच्या थरातल्या गोट्यांच्या बाजूही घासून सपाट झालेल्या आणि ओरखडलेल्या होत्या. वाहत्या पाण्याने दगड गोल होतो, गुळगुळीत होतो, पण त्यावर एका दिशेने सरळ ओरखडे पडत नाहीत. त्यासाठी दगड घट्ट धरून, प्रचंड भाराने खालच्या खडकावरून ओढत नेणारे काहीतरी लागते. सरकणारे बर्फ ते करते.

फेडन यांनी १८७५ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध केला. बर्फ नदीतले होते की जमिनीवरून सरकणारी हिमनदी होती, यावर पुढे बराच खल झाला. आज हिमनदीच मानली जाते. पण उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या चंद्रपुरात कधीकाळी बर्फ होते, हे इरईच्या चुनखडकानंतर नाकारणे कठीण झाले.

समुद्राचा शिक्का नसलेले खडक

तोवर क्षेत्रामागून क्षेत्र नकाशावर येत होते. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी राणीगंजचा अहवाल १८६१ मध्ये दिला. त्यातून थरांची एक शिडी तयार झाली. तळाशी तालचेर, त्यावर कोळशाने भरलेले बराकर, मग राणीगंज, त्यावर कोळसा नसलेले पांचेत. नागपूर-चंद्रपूरकडे वरच्या बाजूला कामठीचे तांबूस वालुकाश्म. नावे गावांची आणि नद्यांची, आणि आजही तीच चालतात.

या शिडीला रोकडी किंमत होती. बोअर घेताना तालचेरचा हिरवट, काटक्यांसारखा फुटणारा शेल लागला, की थांबायचे. त्याच्या खाली कोळसा नाही. कामठीचा वालुकाश्म वर दिसला, तर खोल खाली कोळसा असू शकतो. आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती आणि मुंबईकडच्या इंजिनांना जवळचा कोळसा हवा होता. टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांनी वर्धा खोऱ्याचे कोळसा क्षेत्र तपासले, त्यांचा अहवाल १८७७ मध्ये आला. वरोऱ्याची सरकारी खाण तोवर सुरू झालीही होती. ती १९०६ पर्यंत चालली.

एक कोडे मात्र सुटत नव्हते. इंग्लंड-युरोपात थरांचे वय ठरे ते बहुधा समुद्री शिंपल्यांवरून. कोणता शिंपला कोणत्या काळातला याची कोष्टके तयार होती. भारतातल्या या खडकांत शिंपले मिळेनात. पाने, झाडांचे बुंधे, गोड्या पाण्यातले मासे, जमिनीवरचे प्राणी, सगळे नद्यांचे आणि तळ्यांचे. कित्येक हजार फूट जाडीचा थरांचा ढीग, आणि त्यावर समुद्राचा शिक्का जवळजवळ नाही. मध्य प्रदेशातल्या उमरियाजवळची समुद्री शिंपल्यांची पातळ पट्टी उजेडात यायला १९२१ साल उजाडावे लागले. तोवर या खडकांचे वय हा वादाचाच विषय राहिला.

बोहेमियाचे ओटोकार फाइस्टमान्टेल १८७५ मध्ये सर्वेक्षणात आले ते या पानांचा निकाल लावायला. पुढची आठ वर्षे त्यांनी भारतातल्या या वनस्पतींचे एकेक पान तपासून चित्रांसह नोंदवले. त्यांच्याच १८७६ च्या लेखनात या सगळ्या थरांसाठी एक नाव पहिल्यांदा छापले गेले: गोंडवन. ते सुचवले होते हेन्री मेडलिकॉट यांनी, चार वर्षे आधी एका अप्रकाशित अहवालात. गोंड राजांच्या मुलखात, सातपुड्याच्या परिसरात हे खडक नीट उलगडले होते, म्हणून ते नाव. ओल्डहॅम यांच्यानंतर मेडलिकॉट सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १८७९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांच्यासह त्यांनी भारताच्या भूविज्ञानाचा पहिला मोठा ग्रंथ काढला. तेव्हापासून गोंडवन हे नाव रूढ झाले.

तुकडे जुळतात

आता जगाच्या दुसऱ्या टोकांकडून बातम्या येऊ लागल्या होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात इन्मन खोऱ्यात आल्फ्रेड सेल्विन यांनी १८५९ मध्येच बर्फाने ओरखडलेला खडक पाहिला होता. दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये पीटर सदरलँड यांना तालचेरसारखाच गोट्यांचा थर सापडला. त्यांचा निबंध १८७० मध्ये आला. तिथेही या थराच्या वरच्या खडकांत कोळसा, आणि कोळशाबरोबर ग्लॉसॉप्टेरिस. राणीगंजच्या पांचेत थरातली हाडे टॉमस हक्सली यांनी १८६५ मध्ये तपासली, तेव्हा तो प्राणी दक्षिण आफ्रिकेच्या प्राण्यांचा भाऊबंद निघाला. आज त्याला लिस्ट्रोसॉरस म्हणतात.

समुद्र ओलांडून प्राणी आले कसे? झाडे आली कशी? हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ मध्ये सुचवले की भारत आणि आफ्रिका यांच्यामध्ये एके काळी जमीन होती आणि ती आता हिंदी महासागराखाली गेली आहे. व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये हीच कल्पना मोठी करून त्या जमिनीला गोंडवनलँड म्हटले. नाव विदर्भ-मध्य प्रदेशातले, खंड अर्ध्या पृथ्वीचा. पण झ्यूस यांच्याही मते मधली जमीन खाली बुडाली होती. खंड जागचे हलले नव्हते.

१९१२ या एका वर्षात दोन घटना घडल्या. ६ जानेवारीला फ्रँकफुर्ट इथे आल्फ्रेड वेगेनर यांनी सांगितले, की जमीन बुडाली वगैरे नाही, खंडच एकमेकांपासून सरकले आहेत. त्याच सुमारास रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी दक्षिण ध्रुवाकडे चालली होती. ध्रुवावरून परतताना, शरीरे थकलेली असताना, एडवर्ड विल्सन यांनी बिअर्डमोर हिमनदीकाठच्या खडकांतून नमुने घेतले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचे तंबूतले मृतदेह मिळाले, आणि शेजारी पस्तीस पौंड दगड. वजन कमी करायला त्यांनी बरेच काही टाकले होते, दगड टाकले नव्हते. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. १९१४ मध्ये केंब्रिजचे ए. सी. सीवर्ड यांनी ती ओळखली. सिलेवाड्याच्या खाणीतले कूळ अंटार्क्टिकात निघाले होते.

दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर दु त्वा वेगेनर यांच्या बाजूने उभे राहिले. ते १९२३ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेले आणि तिथल्या थरांचा क्रम आपल्या देशातल्या क्रमाशी ताडून पाहिला. तळाशी हिमनदीचे गोटे, मग कोळसा आणि ग्लॉसॉप्टेरिस, मग वरचे तांबडे खडक, त्यांवर लाव्हा. भारताच्या शिडीच्या पायऱ्याही बऱ्याच अंशी अशाच होत्या. १९३७ मध्ये त्यांनी खंडभ्रमणावर ग्रंथ लिहिला आणि तो वेगेनर यांच्या स्मृतीला अर्पण केला. उत्तर गोलार्धातले बहुतेक भूवैज्ञानिक तरीही मानायला तयार नव्हते, कारण खंड सरकवणारे बळ कोणते हे वेगेनर यांना पटण्याजोगे सांगता आले नव्हते. समुद्राच्या तळाचा अभ्यास होऊन १९६० च्या दशकात ते बळ कळले. १९६९ मध्ये अंटार्क्टिकात लिस्ट्रोसॉरसची हाडे मिळाली, तीही एका प्राचीन नदीच्या वालुकाश्मात. तोवर वाद जवळजवळ मिटला होता.

उलट्या नद्या

स्वातंत्र्यानंतर या थरांचे वाचन भारतीयांच्या हाती आले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूविज्ञानाचे काम सुरू केले आणि त्यासाठी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावले. संख्याशास्त्राच्या संस्थेत हाडे आणि दगड कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण तिरप्या रेघांच्या हजारो मोजणींतून प्रवाहाची दिशा काढणे हे मुळात संख्याशास्त्राचेच काम आहे. संस्थेच्या लोकांनी प्राणहिता-गोदावरीचे खोरे निवडले. सुप्रिय सेनगुप्ता यांनी तिथले वालुकाश्म मोजले, तर अलीगढचे एस. एम. कश्यप यांनी बराकर वालुकाश्मांसाठी द्वीपकल्पभर हेच केले.

निष्कर्ष थक्क करणारा होता. आज वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी दक्षिण-आग्नेयेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात. ज्या नद्यांनी याच खोऱ्यातले गोंडवन थर रचले, त्या मुख्यतः उत्तरेकडे आणि वायव्येकडे वाहत होत्या. त्या काळी भारताच्या पूर्वेला बंगालचा उपसागर नव्हता, तिथे अंटार्क्टिका जोडलेला होता. उतार तिकडून इकडे होता. महाखंड फुटला, पूर्वेला समुद्र आला, जमिनीचा कल बदलला आणि पाण्याने तोंड फिरवले. जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये खचलेल्या लांबट खोलगट जागी जुना गाळ टिकून राहिला; आजच्या दामोदर, महानदी, वर्धा-गोदावरी यांनी बऱ्याच ठिकाणी त्याच जागा धरल्या आहेत.

याच खोऱ्यात, महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरच्या कोटा थरांत, १९६१ मध्ये एका प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळाली. ते रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले बारापासॉरस टागोराय. हाडांबरोबर मोठाले जीवाश्म ओंडके होते. झाडे आणि जनावरे एकाच ठिकाणी खच पडून गाडली जातात ती बहुधा पुरात, म्हणजे मेलेली जनावरे तिथपर्यंत कशी आली हेही थरानेच सांगितले. सिरोंचा परिसरात आजही असे अवशेष मिळतात.

हिशेब

या खटाटोपाचा पैशातला हिशेब सरळ आहे. भारतातला जवळजवळ सगळा दगडी कोळसा गोंडवन थरांतून येतो. ब्लॅनफर्ड आणि ह्यूजेस यांनी ठरवलेल्या शिडीवर बोअर घेतच पुढच्या पिढ्यांनी खाणी उघडल्या. हिस्लॉप यांनी पाने वेचली त्या सिलेवाड्याच्या जमिनीखाली पुढे कोळसा निघाला आणि वेस्टर्न कोलफील्ड्सची (वेकोलि) खाण झाली. चंद्रपूरचे वीज केंद्र, बल्लारपूर-घुग्घूसच्या खाणी, मालगाड्यांची वर्दळ हे सगळे त्या शिडीचे देणे आहे. त्याच खात्यात उजाडलेली गावे, तुटलेले जंगल आणि चंद्रपूरची धुळीने भरलेली हवाही मांडावी लागते. ज्या गोंडांच्या मुलखाचे नाव साऱ्या जगाच्या भूगोलात गेले, त्यांच्या वाट्याला या कोळशातले फार थोडे आले.

ज्ञानाचा हिशेब वेगळा आहे. या गोष्टीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा अर्थ कुठेतरी चुकला. हिस्लॉप वयात चुकले. ब्लॅनफर्ड यांनी हिमनदीच्या जागी नदीतले बर्फ धरले. हेन्री ब्लॅनफर्ड आणि झ्यूस यांनी जमीन बुडवली. वेगेनर यांना बळ सापडले नाही. पण गोटे गाळात रुतलेले आहेत, चुनखडकावर ओरखडे आहेत, पानाला जाळीदार शिरा आहेत, या थराच्या वर तो थर आहे, या त्यांच्या नोंदींतली एकही खोडावी लागली नाही. सिद्धांत बदलत गेले ते याच नोंदींच्या रेट्याने. अर्थ लावण्याची घाई न करता जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवले, म्हणून नंतरच्यांना त्याच नोंदी घेऊन आधीच्यांना चूक ठरवता आले. आजही गोंडवनवर काम करणारा विद्यार्थी दीडशे वर्षांपूर्वीचे ते अहवाल उघडतो, तो इतिहासाच्या कौतुकापोटी नव्हे. अनेक जागा खाणींनी गिळल्या, काही पाण्याखाली गेल्या, आणि तिथे काय होते याची साक्ष आता फक्त तेच कागद देतात.